उघड्या वाघिणीचं मॉडेल आतून सुरू होतं

बॉक्सकारचं, म्हणजे मालगाडीच्या बंद डब्याचं, मॉडेल करताना निम्मं काम छपराखाली झाकलं जातं. गोंडोलाला, म्हणजे उघड्या मालवाघिणीला, छप्परच नाही. चार भिंती, एक तळ आणि वरून सगळं उघडं. मॉडेल रेल्वेकडे आपण बहुतेक वेळा वरूनच बघतो, त्यामुळे या वाघिणीत नजर आधी पडते ती आत. बाजारातली बरीचशी मॉडेलं नेमकी तिथेच कच्ची असतात. बाहेर रिव्हेट मोजून बसवलेले, आणि आत गुळगुळीत प्लॅस्टिकवर साच्यातल्या पिनांचे गोल ठसे. म्हणून गोंडोला करायची तर आतून सुरुवात करावी आणि तिच्यात काय माल होता, त्याचं वजन किती होतं, याचा हिशेब आधी मांडावा, असं माझं ठाम मत आहे.

इथे लिहितोय ते अमेरिकेतल्या साधारण १९१८ ते १९६० या काळातल्या गोंडोलांबद्दल आणि त्या एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, करण्याबद्दल. एचओत एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर.

आपल्याकडची बॉक्सएन वाघीण बहुतेकांनी पाहिलेली असते. तिच्या भिंती उंच, कारण ती प्रामुख्याने कोळशासाठी. अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यांच्या दिमतीला असलेल्या मिल गोंडोलाच्या भिंती मात्र अनेकदा साडेतीन फुटांच्याच आसपास असत. पोलाद जड, त्यामुळे भिंती भरायच्या आधी वजनाची मर्यादा भरते. उंची वाढवून उपयोग नाही, लांबी मात्र हवी. म्हणून आतली लांबी ४१ फूट ६ इंच, पुढे ५२ फूट ६ इंच, आणि लांबलचक तुळया-गर्डरांसाठी ६५ फुटांपर्यंत गेली. एचओत हे अनुक्रमे १४५, १८४ आणि २३० मिलिमीटरच्या जवळ येतं.

प्रकार ओळखायला अमेरिकन रेल्वे संघटनेची अक्षरं उपयोगी पडतात आणि ती वाघिणीवर लिहिलेलीही असत. जीबी म्हणजे भिंती पक्क्या, तळ पक्का. जीई म्हणजे तळ पक्का पण दोन्ही टोकांच्या भिंती आत पाडता येतात. लांब माल टोकाबाहेर काढून शेजारच्या मोकळ्या फ्लॅटकारवर, म्हणजे बिनभिंतीच्या सपाट वाघिणीवर, तरंगत ठेवायचा, तर हे लागतं. जीए आणि जीएस यांच्या तळाला दरवाजे. जीएचे दरवाजे उघडले की माल दोन रुळांच्या मधे पडतो, जीएसचा रुळांच्या बाहेर दोन्ही बाजूंना. जीएस पश्चिमेकडे फार चालली. सदर्न पॅसिफिकने कॅलिफोर्नियात तिच्यावर जादा लाकडी भिंती चढवून शुगर बीट वाहिलं आणि लाकडी भिंतींच्या त्या जुन्या गाड्या १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत धावत होत्या.

पोलादी सांगाडा आणि लाकडी फळ्यांच्या भिंती, म्हणजे कंपोझिट गोंडोला, दोन वेळा मोठ्या संख्येने आली आणि दोन्ही वेळा युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१७ ते मार्च १९२० या काळात, अमेरिकेच्या केंद्र सरकारने रेल्वे स्वतःच्या ताब्यात घेतल्या आणि सगळ्यांसाठी ठरावीक नमुन्यांच्या वाघिणी बनवून घेतल्या. त्यांत ५० टनी, तळ उघडणारी कंपोझिट गोंडोला होती, २०,०००. बाहेरून तिरप्या पोलादी पट्ट्यांची कैची आणि तिच्या आत फळ्या. दुसऱ्यांदा १९४२ नंतर. पोलाद रणगाड्यांना आणि जहाजांना गेलं आणि भिंतींना पुन्हा फळ्या आल्या. युद्धाच्या घाईतलं लाकूड नीट वाळवलेलं नसायचं. ते आकसलं, वाकलं, फटी पडल्या, आणि युद्ध संपल्यावर रेल्वेंनी बऱ्याच गाड्यांना फळ्या काढून पत्रे मारले. म्हणजे १९५० सालचं दृश्य करत असाल तर एकाच मालिकेतली एक गाडी फळ्यांची आणि दुसरी पत्र्याची, हे अगदी बरोबर दिसतं. फळ्यांच्या गाडीत एखाद-दोन फळ्या बाकीच्यांपेक्षा फिक्या, नव्या रंगाच्या ठेवाव्यात.

आता मालाचा हिशेब. ७० टनी गाडीची क्षमता १,४०,००० पौंड (अमेरिकन टन २,००० पौंडांचा). आतला तळ साडेबावन्न फूट लांब, साधारण साडेनऊ फूट रुंद, म्हणजे जवळजवळ ५०० चौरस फूट. पोलादाचं वजन घनफुटाला ४९० पौंड. भागाकार केला की २८६ घनफूट येतं, म्हणजे तळावर सारखं पसरलं तर जेमतेम सात इंच, एचओत दोन मिलिमीटर. काठोकाठ पोलादी स्लॅब, म्हणजे पोलादाच्या जाड लाद्या, भरलेली गोंडोला प्रदर्शनांत दिसते तेव्हा ती खऱ्या जगात पहिल्याच सांध्यावर बसली असती. फोडलेला चुनखडी दगड घनफुटाला १०० पौंड धरला तर पावणेतीन फुटांच्या वर, म्हणजे सव्वाबारा मिलिमीटरच्या भिंतीत दहा मिलिमीटरला थांबायचं. लोहखनिज दीडशे पौंड धरलं तर साडेसहा मिलिमीटर. कोळसा मात्र पन्नास पौंडांच्या आसपास, तो भिंतीच्या वर ढीग करून भरला तरी चालतो. कोक त्याहून हलका.

स्लॅबचंच एक भरण नीट करून बघा. खरा स्लॅब १६ फूट लांब, ४० इंच रुंद, ६ इंच जाड धरला, तर एकाचं वजन १३,००० पौंडांच्या थोडं वर. गाडीत दहा बसतात, अकरावा क्षमतेबाहेर. एचओत एक स्लॅब ५६ × ११.७ × १.७५ मिलिमीटर. पाच-पाचच्या दोन थप्प्या करायच्या आणि प्रत्येक थप्पी एकेका बोगीच्या, म्हणजे गाडीखालच्या चाकांच्या चौकटीच्या, डोक्यावर ठेवायची, कारण मधोमध ठेवलं तर सगळा भार मधल्या तुळईला वाकवतो. गाडीच्या मध्यभागी तळ रिकामा दिसतो. थप्पीखाली आणि दोन स्लॅबच्या मधे लाकडाचे ठोकळे, एक मिलिमीटर चौरस, कारण क्रेनची साखळी आत घालायला फट लागते. स्लॅबच्या कडा फाइलने किंचित गोल करा. रंग गडद निळसर करडा, वर अगदी पातळ तपकिरी. नारिंगी गंज नको. भट्टीतून आलेल्या मालावर तो इतक्या लवकर चढत नाही.

कोळशाला खरा कोळसाच वापरावा. कुटून चहाच्या गाळणीतून चाळा. एक ते दोन मिलिमीटरचे खडे म्हणजे खरे साडेतीन ते सात इंच, त्या काळच्या कोळशाला ते पटतं. पूड टाकून द्या, ती वरच्या थराला मातीसारखा रंग देते. ढीग एकसंध पाठीसारखा करू नका. नळीखालून गाडी पुढे सरकवत भरत असत, त्यामुळे तीन-चार उंचवटे आणि त्यांच्या मधे खळगे पडतात. थर बसवायला फेव्हिकॉलमध्ये तिप्पट-चौपट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर पाणी खड्यांवर गोळ्या होऊन बसतं आणि खाली झिरपतच नाही. बीटसाठी मोहरी वापरण्याचा मोह होतो, पण ती सगळी एकसारखी गोल दिसते आणि पुढे कीडही लागते. इपॉक्सी पुट्टीचे दोन-तीन मिलिमीटरचे निमुळते तुकडे वळणं वेळखाऊ आहे, पण दिसतं तेच बरोबर.

माल काढता-घालता यावा म्हणून तो स्टायरीनच्या, म्हणजे मॉडेलच्या प्लॅस्टिकच्या, पट्टीवर बांधा. ही पट्टी आतल्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर कमी कापा आणि मालाच्या आत एक लोखंडी वॉशर पुरा. वरून चुंबक लावला की भरण उचलून येतं, नखाने उचकटावं लागत नाही.

रिकाम्या गाडीची खरी अडचण वजनाची. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेची शिफारस एचओसाठी अशी आहे: सुरुवातीचा एक औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. ५२ फुटी गोंडोला टोकापासून टोकापर्यंत ७.४ इंच भरते, म्हणजे ४.७ औंस, १३३ ग्रॅम. प्लॅस्टिकचं मॉडेल धातूच्या चाकांसकट काट्यावर ठेवलं तर अनेकदा निम्मंसुद्धा भरत नाही, आणि वजन लपवायला छपराखालची पोकळी नाही. हलकी गाडी लांब मालगाडीत मधे लागली की वळणावर आतल्या बाजूला ओढली जाऊन रुळावरून उतरते.

यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तळच धातूचा करणे. १८४ × ३३ मिलिमीटरचा ०.८ मिलिमीटर जाड पितळी पत्रा सुमारे ४१ ग्रॅम भरतो. वर पाव मिलिमीटर स्टायरीन चिकटवून त्यावर फळ्यांच्या रेघा ओढल्या की पत्रा दिसत नाही. पोलादी पत्रा स्वस्त पडतो, पण रुळांच्या मधे गाड्या सोडवायचे चुंबक बसवलेले असतील तर गाडी त्यांच्यावर अडखळते किंवा आपोआप ओढली जाते, म्हणून पितळच. उरलेलं वजन खालच्या बाजूला, आडव्या तुळयांच्या मधल्या खणांत, शिशाच्या पत्र्याचे तुकडे बसवून भरा. दोन मिलिमीटर जाडी चालते, बाजूने बघताना दिसत नाही. शिसं कधीही फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने चिकटवू नका. त्या गोंदातलं ॲसिड शिशाला खातं, पांढरा क्षार तयार होतो, तो फुगतो आणि काही महिन्यांनी तळ वर उचलून भिंतींचे सांधे उघडतात. इपॉक्सी किंवा सुपरग्लू वापरा. शिसं फाइलने घासायचं नाही, कात्रीने कापायचं, हातमोजे घालायचे आणि नंतर हात धुवायचे.

वजनाआधी मात्र भिंती सरळ हव्यात. छप्पर नसल्यामुळे गोंडोलाच्या लांब भिंती मधे आत झुकतात. रेझिनच्या किटमध्ये हे हमखास होतं, प्लॅस्टिकमध्येही होतं. रेझिनची वाकलेली भिंत साठ-सत्तर अंश गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवून काचेवर सपाट दाबा आणि थंड होईपर्यंत वजन काढू नका. जोडणी करताना आतल्या रुंदीचा, म्हणजे ३३ मिलिमीटरचा, काटकोनात कापलेला ठोकळा आत ठेवून त्याभोवती भिंती चिकटवा. ॲक्रिलिकचा ठोकळा उत्तम, लाकडी असेल तर त्याला आधी सेलोटेप लावा, नाहीतर तोही आतच चिकटतो.

मग भिंतीची जाडी. खऱ्या गाडीचा पत्रा पाव इंचाच्या आसपास. एचओत तो ०.०७ मिलिमीटर होतो, मॉडेलची भिंत असते एक मिलिमीटर, म्हणजे खरी साडेतीन इंच जाड. सगळी भिंत पातळ करण्याची गरज नाही. वरची कड आतल्या बाजूने फाइलने उतरती करा, काठावर पाव मिलिमीटर राहू द्या, आणि नजर फसते. वरची कड अँगलची, म्हणजे काटकोनी पट्टीची, असेल तर अर्थात हे करू नका. तिथे काठ रुंदच असतो.

आता गोंडोलाचं खरं रूप, म्हणजे पोचे. क्रेनचा चुंबक, पंजाची बादली, वरून टाकलेलं भंगार, हे सगळं भिंतींना आतून बाहेर ढकलतं. बाहेरचे उभे खांब टिकतात, त्यांच्या मधला पत्रा फुगतो. म्हणून पोचा एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत असतो, खांब ओलांडून जात नाही. हे जमवायला भिंत आतून खणाखणाने खरवडून पातळ करायची, ०.३ ते ०.४ मिलिमीटरपर्यंत, पण खांबाच्या मागची पट्टी पूर्ण जाड ठेवायची. गोल पात्याने हळूहळू खरवडा आणि मधून मधून दिव्यासमोर धरा. प्लॅस्टिक सगळीकडे सारखं उजळ दिसलं की जाडी सारखी झाली. गोल टोकाचं धातूचं हत्यार गरम करून आतून दाबा, तोपर्यंत बाहेरून खांबांना बोटांचा आधार द्या. स्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ होतं, त्यामुळे हत्यार थोडंही जास्त तापलं तर पोचा न पडता भोक पडतं. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा. खोली अर्धा ते पाऊण मिलिमीटर पुरे, खरी ती दोन ते अडीच इंच होते. सगळे खण सारखे फुगवले की गाडी उशीसारखी दिसते. टोकांजवळचे दोन खण जवळजवळ सपाट ठेवा, मधले एक-दोन जास्त फुगवा.

साच्यातल्या पिनांचे ठसे आणि खरवडताना गेलेले रिव्हेट नंतर भरून काढायचे. ठशांना पुट्टी, आणि रिव्हेटसाठी डिकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील फिल्मच्या) कागदावर छापलेले उठावदार ठिपके मिळतात. आतल्या रिव्हेटच्या रांगा बाहेरच्या खांबांच्या रेषेतच हव्यात. त्या चुकल्या तर बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

आतला रंग बाहेरच्या रंगाशी जुळवू नका. पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी बाहेरून तांबूस तपकिरी, बाल्टिमोर अँड ओहायोची काळी, पण आत दोन्हींचा रंग काही महिन्यांत खरवडून गेलेला असतो. आत गडद तपकिरीचा थर द्या, त्यावर स्पंजच्या तुकड्याने दोन-तीन वेगळ्या तपकिरी छटा टिपा, शेवटी तेलरंगातला बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग ठिपक्यांनी लावून टर्पेंटाइनच्या ओल्या ब्रशने खाली ओढा. जुना गंज काळपट असतो. नारिंगी फक्त ताज्या ओरखड्यांवर. तळ फळ्यांचा असेल तर फळ्या आडव्या, करड्या-तपकिरी, आणि मधल्या भागात एक-दोन तुटक्या. १९४० च्या दशकाच्या शेवटापासून खिळे मारता येतील असा पोलादी तळही आला, खिळे धरणाऱ्या अरुंद फटींच्या पट्ट्यांचा. तो करायचा तर रेघा फळ्यांपेक्षा जवळ-जवळ. रिकामी गाडी झाडून स्वच्छ कधीच नसते. कोपऱ्यांत गंजाची पूड, दोन-चार तुटके ठोकळे, पोलादी पट्टीचा वाकलेला तुकडा टाका.

हाताच्या कड्यांना ०.३ मिलिमीटरची फॉस्फर ब्राँझ तार घ्या. खरी कडी पाऊण इंचाहूनही बारीक असते, त्या मापाची तार गाडी उचलताना वाकते, म्हणून ही थोडी जाड परवडते. भोकं पिन व्हाइसने, म्हणजे बोटांनी फिरवायच्या ड्रिलच्या मुठीने, ०.३५ च्या ड्रिलने, आणि आधी सुईने खूण करून. नाहीतर ड्रिल रिव्हेटवरून घसरतं. टोकांच्या भिंती पडणाऱ्या असतील तर हातब्रेकचं चाक भिंतीच्या वर उभं ठेवू नका. भिंत आत पाडताना आणि माल बाहेर काढताना ते आड येईल, म्हणून खऱ्या गाडीत ते खाली नेलेलं किंवा पाडता येणारं असे.

बोगी आणि ब्रेक काळाशी जुळले पाहिजेत, इथे घाई करू नये. १९१८च्या सरकारी नमुन्याच्या गाड्या अँड्र्यूज बोगींवर आल्या. त्याआधीच्या पट्ट्यांच्या आर्च बार बोगी १९४०च्या सुमारास एका रेल्वेवरून दुसरीवर जाणाऱ्या गाड्यांना बंद झाल्या. १९३३ पासून नव्या गाड्यांना एबी नावाचा हवेचा ब्रेक, ज्यात सिलिंडर, हवेची टाकी आणि व्हॉल्व्ह हे तीन वेगळे भाग दिसतात. जुना के ब्रेक, ज्यात बहुधा टाकी आणि सिलिंडर एकत्र जोडलेले, १९५३ नंतर अदलाबदलीत, म्हणजे दुसऱ्या रेल्वेच्या रुळांवर जाणाऱ्या गाड्यांना, चालत नव्हता. म्हणून १९५५च्या दृश्यात के ब्रेकची गाडी दुसऱ्या रेल्वेच्या नावाने फिरवली तर ती चूक आहे. आपल्याच कंपनीच्या यार्डात कामाची गाडी म्हणून ती शोभते.

गाडीवर लिहिलेल्या आकड्यांचा हिशेबही तपासा. ५० टनी गाडीचं मालासकट रुळावरचं जास्तीत जास्त वजन १,६९,००० पौंड, ७० टनीचं २,१०,०००. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की मालाची मर्यादा येते. म्हणजे ७० टनी गाडीवर रिकामं वजन ५२,००० लिहिलं असेल तर मर्यादा १,५८,००० असायला हवी. वर धरलेली १,४०,००० ही नाममात्र क्षमता, तिच्याहून ही मर्यादा वेगळी. दोन वेगळ्या डिकल संचांतून आकडे जुळवताना ही बेरीज हमखास बिघडते. गाडी ठरावीक काळाने पुन्हा तोलली जाई आणि नवे आकडे ताज्या रंगाच्या चौकोनी पट्टीवर लिहिले जात, तेव्हा जुन्या गाडीवर ही एक स्वच्छ पट्टी हवीच. फळ्यांच्या भिंतीवर डिकल बसल्यावर धारदार ब्लेडने प्रत्येक फटीत कापा, मग मऊ करणारं द्रावण लावा. न कापता लावलं तर फिल्म फटींवर ताणून राहते आणि उजेडात चमकते.

चाकं ३३ इंची, एचओत ९.६ मिलिमीटर. कपलरची, म्हणजे दोन गाड्या जोडणाऱ्या आकड्याची, उंची रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिलिमीटर. धातूचा तळ घातल्यावर ती पुन्हा मोजा, कारण बोल्स्टरवरचा, म्हणजे बोगी जिला जोडतात त्या आडव्या तुळईवरचा, स्क्रू घट्ट करताना ती बदलते. कमी पडली तर बोगी आणि बोल्स्टरच्या मधे कागदी वॉशर. एका बोगीचा स्क्रू असा आवळा की ती फक्त फिरेल, डुलणार नाही. दुसरीचा अर्धा आटा सैल, म्हणजे ती डुलेलही. दोन्ही घट्ट असतील तर उंचसखल रुळावर एक चाक हवेत राहतं, दोन्ही सैल असतील तर गाडी झुलते. शेवटी गाडी रिकामी असतानाच, भरणाशिवाय, मालगाडीच्या मधे लावून सगळी गाडी उलट ढकलत एस वळणातून न्या. तिथे टिकली तर बाकी कुठेही टिकेल.